उमराहच्या दिवसांत ताइफची जियारत: कोणी जावे, काय पाहावे आणि परतताना इहरामचे काय करावे

अस्सलामु अलैकुम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरमध्ये तुम्ही आई-वडील आणि पत्नीसह चिपळूणहून उमराहला (मक्केच्या यात्रेला) निघणार आहात. मक्केतल्या मुक्कामात टूरवाले एक दिवस डोंगरावरच्या ताइफ शहरात जियारतीला (पवित्र स्थळांच्या भेटीला) नेणार आहेत आणि त्याचे पैसे वेगळे मागत आहेत. वडिलांना मधुमेह आहे, आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. तुम्ही कोकणी, म्हणजे शाफई मसलकाचे (धर्मनियमांच्या परंपरेचे). पत्नी माहेरची परभणीची आणि हनफी. जावे की नाही, गेल्यास काय पाहावे, आणि परतताना इहराम (उमराहच्या संकल्पाने स्वीकारायची बंधने; पुरुषांसाठी न शिवलेल्या दोन चादरी) बांधावाच लागतो असे काही जण सांगतात तर काही जण गरज नाही म्हणतात, त्यातले खरे काय, हे तुम्हाला हवे आहे.

रायगड, रत्नागिरी आणि पुणे या भागांतले ग्रुप घेऊन मी तेवीस वर्षे हा प्रवास करतो आहे आणि ताइफचा दिवस मला मनापासून प्रिय आहे. म्हणून माझे उत्तर ‘जावे’ असेच आहे. मात्र तुम्ही शेवटी विचारलेला इहरामचा प्रश्न आधी सोडवावा लागेल, कारण सकाळी किती वाजता निघायचे, कोणत्या रस्त्याने उतरायचे, अत्तराच्या दुकानात केव्हा जायचे आणि आईला त्या रात्री किती चालावे लागेल, हे सगळे त्या एका उत्तरावर ठरते. बहुतेक ग्रुपमध्ये हा विषय बस परतीला लागल्यावर निघतो आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मक्केच्या चारही दिशांना मीकात ठरलेल्या आहेत. मीकात म्हणजे हज-उमराहच्या इराद्याने येणाऱ्याने जी हद्द इहरामशिवाय ओलांडायची नाही ती जागा. नज्द (अरबस्तानचा मधला पठारी भाग) आणि ताइफ यांच्या बाजूची मीकात करनुल मनाजिल ही आहे. आज ती दोन ठिकाणी ओळखली जाते: एक हदा घाटाच्या माथ्यावरची वादी मुहरिम आणि दुसरी लांबच्या रस्त्यावरची अस्सैलुल कबीर. दोन्ही एकाच खोऱ्याच्या जागा असल्याने मीकात म्हणून दोन्ही सारख्याच. ताइफ या हद्दीच्या पलीकडे आहे, त्यामुळे ताइफला गेलेला माणूस मीकातीबाहेर गेला आणि मक्केला परतताना मीकात ओलांडून आत आला, असे होते.

इथे तुमच्या घरातल्या दोन मसलकांचे दोन हुकूम आहेत. हनफी मताप्रमाणे मीकातीबाहेरून मक्केला येणाऱ्याने, तो कोणत्याही कामासाठी येत असला तरी, इहराम बांधूनच आत यावे लागते. म्हणजे तुमच्या पत्नीला परतताना उमराहची नियत (संकल्प) करावी लागेल आणि मक्केत पोहोचल्यावर तो उमराह पूर्ण करावा लागेल. शाफई मताप्रमाणे, ज्याच्या मनात हज किंवा उमराहचा इरादा नाही, त्याच्यावर इहराम वाजिब (आवश्यक) नाही. बांधला तर उत्तम, नाही बांधला तर दोष नाही. म्हणजे तुम्ही, अब्बा आणि अम्मी फिरून आल्यासारखे साध्या कपड्यांत परत आलात तरी चालते. तुमच्या ओळखीतले जे ‘बांधावाच लागतो’ म्हणतात ते बहुधा देशावरचे हनफी असतील आणि जे ‘गरज नाही’ म्हणतात ते कोकणातले शाफई असतील. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. तरीही निघण्यापूर्वी आपल्या मोहल्ल्यातल्या आलिमांकडून दोघांनी आपापला मसला समजून घ्यावा. मी ग्रुप नेणारा माणूस आहे, मुफ्ती नाही.

एक चूक मात्र दोन्ही मसलकांचे लोक करतात. ताइफहून इहरामशिवाय यायचे आणि मग मक्केतून मस्जिदे आयशाला जाऊन तेथून नियत करायची, म्हणजे मीकातीचे काम भागले, असे पुष्कळांना वाटते. मस्जिदे आयशा, म्हणजे तनईम, हरमच्या (मक्केभोवतीच्या पवित्र क्षेत्राच्या) हद्दीबाहेर आहे, पण मीकातीच्या आतच आहे. ज्याच्यावर मीकातीला इहराम वाजिब होता त्याला तनईमचा इहराम पुरत नाही. त्याने परत मीकातीवर जावे, नाहीतर दम द्यावा, म्हणजे हरमच्या हद्दीत बकरा कुर्बान करावा. शाफई माणूस मीकात ओलांडताना खरोखरच उमराहच्या इराद्यात नसेल आणि नंतर मक्केत त्याच्या मनात आले, तर त्याला तनईम चालते. पण ताइफहून निघतानाच ‘उद्या एक उमराह करू’ असे ठरलेले असेल तर त्यानेही मीकातीवरच नियत करायला हवी.

हे मी इतके लांबवून लिहितो त्यामागे एक रात्र आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या हॉटेलात उतरलेल्या दुसऱ्या एका ग्रुपची बस ताइफहून सरळ खाली आली. वादी मुहरिमला थांबायचे कोणी सांगितले नव्हते आणि चालकाला तर घरी जायची घाई. सोलापूरकडच्या काही हनफी बायका त्यात होत्या. जेवणाच्या टेबलावर आमच्यातल्या एका आपाने सहज विचारले, ‘इहराम कुठे बांधलात?’ आणि त्यांच्यातली सर्वांत वयस्कर बाई हातातला घास खाली ठेवून गप्प बसून राहिली. आयुष्यभर पै-पै साठवून आलेली ती बाई; आपल्याकडून काहीतरी मोडले या भीतीने तिचा चेहरा कसा झाला होता ते मी विसरलो नाही. आम्ही दोन गाड्या करून त्या सगळ्यांना त्याच रात्री अस्सैलुल कबीरला नेले, त्यांनी तेथे नियत केली, तलबिया (इहरामची प्रार्थना) म्हटला आणि पहाटे हरममध्ये, म्हणजे काबाच्या मशिदीत, उमराह केला. मीकातीवर परतून इहराम बांधल्यामुळे त्यांच्यावर दम राहिला नाही. पण सकाळी दोन वाक्ये आधी सांगितली असती तर ती रात्र आलीच नसती.

तुमच्या पत्नीबाबत आणखी एक गोष्ट, जी टूरवाले पुरुष असल्याने सांगायची टाळतात. त्या दिवसांत त्यांना हैज (मासिक पाळी) असेल तर हनफी हुकुमाप्रमाणे त्यांनी इहराम बांधायचा आणि पाक होईपर्यंत इहरामच्या बंधनांत थांबून मगच तवाफ (काबाभोवतीचे फेरे) करायचा, असे होते. परतीचे विमान जवळ असेल तर हा मोठा पेच आहे. अशा वेळी त्यांनी ताइफला जाऊ नये, मक्केतच राहावे. त्यात त्यांचे काही बुडत नाही, कारण ताइफची जियारत उमराहचा भाग नाही. ती फर्ज नाही, वाजिबही नाही. हे आई-वडिलांनाही आधीच नीट सांगा, म्हणजे तब्येत साथ देत नसताना केवळ पैसे भरले आहेत म्हणून कोणी ओढून जाणार नाही.

आता रस्ता. मक्का समुद्रसपाटीपासून जेमतेम 300 मीटर उंच आहे आणि ताइफ सुमारे 1,700 मीटर. आपले कळसूबाई 1,646 मीटर आहे, त्यावरून कल्पना करावी. तांबड्या समुद्राच्या काठची तिहामाची सखल, दमट पट्टी आणि तिच्या मागे एकदम उभी राहणारी सरवत डोंगरांची भिंत, अशी ही रचना आहे. कोकणातून देशावर चढणाऱ्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटते. फक्त इथे झाड नाही. सगळा उघडा, तपकिरी खडक. अरफातच्या बाजूने बाहेर पडून वादी नुअमान या खोऱ्यातून गाडी हदाच्या पायथ्याशी येते. याच वादीतून हारून अल-रशीदची पत्नी जुबैदा हिने हाजींसाठी मक्केकडे पाणी नेले होते. मग घाट सुरू होतो. हा घाटरस्ता 1965 मध्ये वाहतुकीला खुला झाला. नव्वदच्या आसपास वळणे आहेत. रस्ता रुंद आणि उत्तम आहे, पण वळणे कुंभार्ली घाटाची आठवण करून देतील अशीच आहेत. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी पुढे बसावे, सकाळी हलके खावे. आईला खिडकीजवळची नव्हे, मधल्या वाटेकडची जागा द्या, म्हणजे पाय लांब करता येतात. कान दडपले तर घोट घोट पाणी प्यायला सांगा.

वाटेत वानरांचे कळप दिसतात, बस थांबवून त्यांना केळी देण्याचा मोह सर्वांना होतो. तसे करू नये. तेथे त्याला बंदी आहे आणि दंडही होतो. शिवाय ती वानरे हातातली पिशवी हिसकावतात.

डिसेंबरमध्ये दोन गोष्टींचे भान ठेवावे. एक म्हणजे मक्केच्या भागात जो काही पाऊस पडतो तो बहुतेक याच महिन्यांत पडतो, आणि पाऊस किंवा दाट धुके असले की हदा घाट बंद ठेवतात. बंदची सूचना असेल तर चालकाशी वाद घालू नये. अस्सैलुल कबीरचा रस्ता उघडा असतो, तो लांबचा असला तरी चढ सौम्य आहे. दुसरे म्हणजे थंडी. मक्केत घाम पुसणारी माणसे पातळ कुडत्यावर निघतात आणि वर गेल्यावर कुडकुडतात. स्वेटर, शाल, मोजे आणि अम्मींसाठी गुडघ्यांवर घ्यायची एक घोंगडी बसमध्येच ठेवा.

शुक्रवार आणि शनिवार टाळा. तेथे त्या दोन दिवशी सुट्टी असते आणि जेद्दा-मक्केची कुटुंबे हवा खायला हदावर चढतात. घाटात गाड्यांची रांग लागते. रविवार ते बुधवार यांपैकी एक दिवस धरा. हरममध्ये फजर (पहाटेची नमाज) पढून, नाश्ता करून साडेसहा-सातच्या सुमारास निघालात तर नऊपर्यंत ताइफ शहरात असाल. तुमचा व्हिसा उमराहचा असल्याने ताइफला जायला अडचण नाही. हजच्या व्हिसावर मात्र मक्का, मदिना आणि जेद्दा यांपलीकडे प्रवासाची मुभा नसते. पुढे कधी हजला गेलात तर ही सहल मनात धरू नका.

आता ज्यासाठी जायचे त्याबद्दल लिहितो. टूरवाल्यांच्या यादीत आठ-दहा नावे असतात: मशिदी, बाग, राजवाडा, पाळणागाडी (रोपवे), फळबाजार, अत्तराचा कारखाना, बनू सअदचे गाव. माणसे प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे उतरतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी कशाचेच काही लक्षात राहत नाही. मी बऱ्याच वर्षांपासून तीनच ठिकाणे धरतो आणि त्यांच्यामध्ये एकच हकीकत सांगतो, क्रमाने, जेथली गोष्ट तेथे.

ती हकीकत अशी. नबुव्वतीचे (पैगंबरपदाचे) दहावे वर्ष, म्हणजे इ.स. 619-620 च्या सुमाराचा काळ. हजरत खदिजा (र.) आणि पैगंबर साहेबांना (स.) आयुष्यभर आधार देणारे चुलते अबू तालिब थोड्याच अंतराने वारले. त्या वर्षाला दुःखाचे वर्षच म्हणतात. मक्केत संरक्षण उरले नाही, तेव्हा पैगंबर साहेब (स.) हजरत जैद बिन हारिसा (र.) यांना सोबत घेऊन ताइफला आले. तेथे सकीफ टोळी राहत होती आणि लात देवीचे मोठे ठाणे होते. सकीफच्या तीन भावांपुढे, अब्द यालील, मसऊद आणि हबीब यांच्यापुढे, त्यांनी आपला संदेश ठेवला. तिघांनी तो तुच्छतेने नाकारला. शहरातून निघताना गुंड आणि पोरेसोरे मागे लावली, त्यांनी दगड मारले, पाय रक्ताने भरले, जैद (र.) अंगावर दगड झेलत राहिले. शेवटी रबीआचे मुलगे उत्बा आणि शैबा या मक्केच्याच दोन सरदारांच्या द्राक्षमळ्यात त्यांनी आसरा घेतला. मळ्याचे मालक वैरी, पण त्यांनाही दया आली आणि अद्दास नावाच्या आपल्या ख्रिस्ती गुलामाच्या हाती त्यांनी द्राक्षांचा घड पाठवला.

ही हकीकत घाट चढतानाच सांगायला सुरुवात करावी, म्हणजे ‘आपण गाडीत बसून चढतो आहोत ते अंतर ते दोघे पायी आले होते’ हे सांगावेही लागत नाही. लोक खिडकीबाहेर बघून गप्प होतात.

पहिले ठिकाण मस्जिदे अद्दास, मसना भागातल्या मळ्यांमध्ये. मशीद लहान आहे आणि पुष्कळदा तिला कुलूप असते. नाव मोठे ऐकून आलेली माणसे ‘एवढीच?’ म्हणतात. मी तेव्हा त्यांना बाहेर भिंतीच्या सावलीत बसवतो आणि अद्दासची गोष्ट पुरी करतो. घड पुढे ठेवल्यावर पैगंबर साहेबांनी (स.) ‘बिस्मिल्लाह’ म्हणून हात लावला. अद्दास चकित झाला; या मुलखातले लोक असे म्हणत नाहीत, म्हणाला. तू कोठला, असे विचारल्यावर तो म्हणाला, नैनवाचा. ‘म्हणजे त्या सज्जन यूनुस बिन मत्ता यांच्या गावचा,’ असे उत्तर आले. नैनवा म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसुलजवळचे जुने शहर. सगळ्या शहराने दगड मारल्यावर एका परदेशी गुलामाला त्याच्या गावाच्या नबीचे नाव घेऊन ओळख देणे, आणि त्याने वाकून डोके, हात, पाय चुंबणे, हे मला त्या दिवसातले सर्वांत मोठे दृश्य वाटते. एका वर्षी एका सोबत्याने बाजारातून द्राक्षांचा घड आणला होता. भिंतीशी बसून प्रत्येकाने दोन-दोन मणी घेतले आणि कोणीही न सांगता प्रत्येकाने मोठ्याने बिस्मिल्लाह म्हटले. तेव्हापासून मी द्राक्षे सोबत नेतो.

दुसरे ठिकाण याच भागात, टेकडीला लागून असलेली मस्जिदे कूअ, कूअ म्हणजे कोपर. पैगंबर साहेब (स.) तेथे खडकाला कोपर टेकून बसले, अशी लोकांमध्ये चालत आलेली समजूत आहे. इथे मी आपल्या लोकांना स्पष्ट सांगतो की घटना सीरतच्या (पैगंबर साहेबांच्या चरित्राच्या) ग्रंथांत आहे, पण नेमकी जागा हीच, हे परंपरेने मानलेले आहे. डोंगरावर तोललेला एखादा दगड दाखवून ‘हा दगड वैऱ्यांनी ढकलला आणि तो हवेत थांबला’ अशी हकीकत सांगणारे वाटाडेही भेटतील. तिला आधार नाही. ऐकून पुढे जावे. भिंतींना हात लावणे, माती उचलणे, चिठ्ठ्या खोचणे हे तर करूच नये. या टेकडीवर अम्मींना चढवू नका; खालून दिसते तेवढे पुरे आहे.

तिसरे ठिकाण शहराच्या मध्यावरची हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (र.) यांची मशीद. इथे मात्र तासभर द्यावा आणि जोहरची (दुपारची) नमाज इथेच जमातीने पढावी. मशीद मोठी आहे, वुजूची (नमाजआधी हातपाय धुण्याची) सोय चांगली आहे, खुर्चीवर नमाज पढणाऱ्यांना जागा मिळते. इब्ने अब्बास (र.) पैगंबर साहेबांचे (स.) चुलतभाऊ, कुरआनचा अर्थ सांगण्यात त्यांच्या तोडीचा माणूस विरळा, म्हणून त्यांना तर्जुमानुल कुरआन म्हणतात. उतारवयात त्यांची दृष्टी गेली होती. हिजरी 68, म्हणजे इ.स. 687 च्या सुमारास, ते ताइफमध्येच वारले आणि मशिदीलगतच्या कब्रस्तानात त्यांची कबर आहे. तेथेच ताइफच्या वेढ्यात शहीद झालेल्या सहाबांच्या (पैगंबर साहेबांच्या सोबत्यांच्या) कबरी आहेत.

तो वेढा म्हणजे या हकीकतीचा दुसरा भाग, आणि तोच बहुतेक वाटाडे गाळतात. दगड खाऊन परत गेल्यानंतर साधारण दहा वर्षांनी, हिजरी 8 मध्ये, मक्का फतह होऊन हुनैनची लढाई संपल्यावर पैगंबर साहेब (स.) फौज घेऊन याच ताइफपुढे उभे राहिले. त्यांची छावणी होती त्या जागी ही मशीद उभी आहे, असे सांगतात. तटावरून बाण येत होते, माणसे पडत होती. काही दिवसांनी वेढा उठवला गेला आणि सोबत्यांनी सकीफना शाप देण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी उलट दुआ केली की अल्लाहने सकीफना मार्ग दाखवावा. पुढच्याच वर्षी सकीफचे शिष्टमंडळ आपण होऊन मदिनेला आले आणि त्यांनी इस्लाम स्वीकारला. पहिली हकीकत मळ्यात आणि दुसरी या मशिदीत ऐकल्यावर मग आणखी काही पाहायचे राहिले असे माझ्या ग्रुपमधल्या कोणालाही वाटलेले नाही.

शुब्रा राजवाडा साधारण 1905 मधला, सुंदर लाकडी जाळ्यांचा. वेळ असेल आणि उघडा असेल तर बाहेरून बघावा. पाळणागाडी आणि बनू सअदचे गाव सोडून द्या. पैगंबर साहेबांना (स.) लहानपणी दूध पाजणाऱ्या हजरत हलीमा (र.) यांच्या मुलखाची ओढ मला कळते, पण तो ताइफच्याही पुढे दक्षिणेला आहे आणि एका दिवसात तो साधायचा म्हटले की जोहर रस्त्यावर होते आणि गुडघे संध्याकाळपर्यंत दगड होतात.

अत्तराबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. ताइफचा गुलाब मार्च-एप्रिलमध्ये फुलतो; डिसेंबरमध्ये तुम्हाला फुले दिसणार नाहीत, अत्तर आणि गुलाबपाणी मिळेल. फुले पहाटे, ऊन चढण्यापूर्वी खुडतात आणि त्याच दिवशी तांब्याच्या भट्टीत चढवतात. एक तोळा अस्सल अत्तराला साधारण दहा-बारा हजार फुले लागतात, आणि हो, तेथेही ते तोळ्यावरच विकतात. त्यामुळे कोणी स्वस्तात ‘अस्सल वर्द ताइफी’ (ताइफचा गुलाब) देऊ करत असेल तर ते मिश्रण आहे असे समजून घ्यावे. गुलाबपाणी घेतले तर फसगत कमी.

पण मुख्य गोष्ट किमतीची नाही. इहराममध्ये सुगंध लावणे मना आहे, पुरुषांना आणि बायकांनाही, हनफी आणि शाफई दोघांनाही. दुकानदार गिऱ्हाईक आत येताच प्रेमाने मनगटावर अत्तराची कांडी फिरवतो. नको म्हणेपर्यंत ती फिरलेली असते. माझ्या डोळ्यांसमोर साताऱ्याच्या एका चाचांच्या कोऱ्या चादरीवर असा पिवळसर थेंब पडला आणि ते हात अंगापासून लांब धरून दुकानाबाहेर धावत आले. म्हणून अत्तराची खरेदी नेहमी मीकातीच्या आधी करावी, बाटली घट्ट बांधून बॅगेत तळाशी घालावी, मीकातीवर बिनवासाच्या साबणाने हातपाय धुवावेत, आणि बसमध्ये वाटतात ते सुगंधी ओले रुमाल घेऊ नयेत.

परतीचा रस्ता. बहुतेक बस हदा घाटानेच उतरतात आणि हनफी लोक वादी मुहरिमला इहराम बांधतात. मी मात्र शक्य असेल तेव्हा अस्सैलुल कबीरच्या रस्त्याने उतरतो. तेथली मीकातीची मशीद प्रशस्त आहे, गुस्लखाने (न्हाणीघरे) भरपूर आहेत, पायऱ्या कमी आहेत, आणि उतार सौम्य असल्याने अम्मींसारख्यांना त्रास कमी होतो. पण माझे खरे कारण दुसरे आहे. हजरत आयेशा (र.) यांनी एकदा पैगंबर साहेबांना (स.) विचारले होते की उहुदच्या लढाईपेक्षा कठीण दिवस आपल्यावर कधी आला का. उत्तरात त्यांनी इब्ने अब्द यालीलने संदेश नाकारला तो दिवस सांगितला. दुःखात ते चालत राहिले आणि करनुस्सआलिबला पोहोचेपर्यंत त्यांना भान आले नाही. तेथे डोक्यावर ढग दिसला, जिब्रईल (अ.) दिसले, आणि डोंगरांचा फरिश्ता आला. अनेक विद्वान करनुस्सआलिब म्हणजे करनुल मनाजिलच मानतात. म्हणजे ज्या खोऱ्यात आपण इहराम बांधतो तेच हे खोरे. पुढे याच रस्त्याच्या अंगाने नखला येते, जेथे परतीच्या वाटेवर रात्री त्यांचे कुरआनपठण जिन्नांनी ऐकले. हकीकत परतीला ज्या बाजूने गेली त्याच बाजूने आपणही उतरतो, याने दिवस जोडला जातो.

जोहरनंतर ताइफ सोडावे, असर (तिसऱ्या प्रहराची नमाज) मीकातीच्या मशिदीत पढावी. पत्नी तेथे नियत करतील. त्यांना वेगळे कपडे लागत नाहीत, फक्त चेहऱ्याला कापड टेकू नये. तुम्ही किंवा अब्बांनी खुशीने उमराहची नियत केली तर डिसेंबरच्या गार वाऱ्यात दोन चादरींवर बसमध्ये बसावे लागेल. त्या वेळी न शिवलेली घोंगडी अंगावर घेता येते, फक्त डोके झाकू नये. आणि उजवा खांदा उघडा टाकून बसू नये. खांदा उघडा ठेवणे, म्हणजे इज्तिबा, तवाफ सुरू करताना आहे. मीकातीपासून खांदा उघडा टाकून थंडी भरलेले वडीलधारे मी दरवर्षी बघतो. उमराहचा परवाना सौदी सरकारच्या नुसुक ॲपवर आधी पाहून ठेवा.

अब्बांचे जेवण वेळेवर होईल असे बघा. ताइफमध्ये जोहरनंतर जेवायचे ठरले तर अकराला त्यांना खजूर नव्हे, पोळी किंवा खुब्जसोबत (अरबी रोटीसोबत) काहीतरी द्या. इन्सुलिन असेल तर ते बसच्या काचेजवळ उन्हात राहू नये.

अम्मींसाठी माझा सल्ला असा की त्यांनी त्या दिवशी उमराहची नियत करू नये. शाफई असल्याने त्यांच्यावर ती नाही, आणि दहा तासांच्या प्रवासानंतर तवाफाचे सात फेरे आणि सफा-मरवा टेकड्यांमधली सुमारे तीन किलोमीटरची सई त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. पत्नीनेही थकलेल्या अवस्थेत रात्रीच उमराह उरकण्याची घाई करू नये. इहराममध्ये झोपता येते, जेवता येते, पहाटे ताज्या अंगाने उमराह करता येतो.

एक दुरुस्ती राहिली. डोंगरांच्या फरिश्त्याने ‘हुकूम द्या, हे दोन डोंगर यांच्यावर आणून टाकतो’ असे म्हटले आणि पैगंबर साहेबांनी (स.) ते नाकारून, यांच्या पिढ्यांतून एका अल्लाहची इबादत करणारे निपजतील अशी आशा सांगितली, हे तुम्ही ऐकले असेल. वाटाडे हे सांगताना ताइफभोवतीच्या डोंगरांकडे बोट करतात. हदीसमध्ये त्या डोंगरांना ‘अख्शबैन’ म्हटले आहे, आणि ते ताइफचे नाहीत, मक्केचे आहेत: अबू कुबैस आणि कुऐकिआन. म्हणून ही शेवटची गोष्ट मी ताइफमध्ये सांगतच नाही. दुसऱ्या दिवशी पत्नी सईसाठी सफावर उभ्या राहतील, तेव्हा अम्मींना चाकाच्या खुर्चीवरून तेथपर्यंत न्या. सफा ही अबू कुबैसच्याच पायथ्याची टेकडी आहे. तेथे थांबून तेवढी गोष्ट त्यांना सांगा.